नवोदित इंग्रजी शिक्षकांसाठी: सहा पायऱ्या, एक तासिका

पाठ टाचणाची वही घ्या. समास सरळ आखा; मुख्याध्यापक आधी तोच बघतात. मग बेंजामिन ब्लूम यांना वंदन करा. परीक्षेच्या प्रश्नांची नीट वर्गवारी व्हावी म्हणून 1956 साली त्यांनी व सहकाऱ्यांनी विचारांच्या सहा पातळ्या मांडल्या. 2001 मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी त्यांची डागडुजी करून नवनिर्मितीला मूल्यमापनाच्याही वर बसवले. भिंतीवर पिरॅमिड काढा. मूळ पुस्तकात तो नाही, पण तपासणीला शोभतो.

आता सहावीचा वर्ग आणि तहानलेला कावळा. 'द क्रो वॉज थर्स्टी' हे वाक्य वाचून 'हू वॉज थर्स्टी?' विचारा. सगळे हात वर होतील. वहीत 'आकलन साधले' असे लिहून मोकळे व्हा. शंका आलीच, तर फळ्यावर 'द ग्लंप वॉज फ्रॉबी' लिहा आणि 'हू वॉज फ्रॉबी?' विचारा. ग्लंप कोण हे तुम्हालाही ठाऊक नाही, तरी अख्खा वर्ग 'ग्लंप!' म्हणून ओरडेल. केंद्रप्रमुख वर्गात असताना हा प्रयोग टाळावा.

उपयोजन आणि विश्लेषण यांची वेळ होते तेव्हा बाहेर खिचडी शिजलेली असते. बरोबरची खूण करून पुढे चला.

मूल्यमापनासाठी 'वॉज द क्रो क्लेव्हर?' विचारा आणि 'येस' हे उत्तर आधीच फळ्यावर लिहून ठेवा. 'व्हाय?' मात्र विचारू नका. विचारलेत, तर मागच्या बाकावरून आवाज येईल, "बाई, पाणी अगदी तळाशी असेल तर ते खड्यांच्या फटींतच राहील की! वर कसं येणार?" पोराचे बरोबर आहे, हीच तर पंचाईत. त्याला इंग्रजीत सांगायला लावा. "वॉटर लेस, स्टोन फुल, क्रो डाय." एवढ्यात तो चार पायऱ्या चढला, पण क्रियापद चुकले ना! खाली बसवा. मोडक्या इंग्रजीत केलेल्या विचारासाठी टाचणात रकाना नसतो, आणि आखायला आता जागाही उरलेली नाही.

नवनिर्मिती घरी द्या: गोष्टीचा नवा शेवट, पाच ओळी. गाइडमध्ये तो छापलेला असतोच. सगळ्या वह्यांत एकच शेवट आला की तपासणी झटपट उरकते. एखाद्या वहीत कावळा मेलेला आढळल्यास 'डाइड'चे स्पेलिंग बघून सही करावी.