पायऱ्या सोडा, तारीख घ्या

नागपूरचं 2025 चं हिवाळी अधिवेशन 8 डिसेंबरला सुरू झालं आणि 14 ला गुंडाळलं गेलं. तेवढ्यात 75 हजार कोटींहून जास्त रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या आणि मंजूरही झाल्या. विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हीकडे विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी होती. महाविकास आघाडीचे आमदार नेहमीप्रमाणे विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहिले. घोषणा झाल्या, चॅनेलवाल्यांना बाईट मिळाले, बेल वाजली आणि सगळे आत गेले. सरकारला यातल्या कशाचाही त्रास झाला नाही.

आघाडीच्या नेत्यांना विचारलं की उत्तर तयार असतं: संख्याबळच नाही, करणार काय? शिवसेना (ठाकरे) 20, काँग्रेस 16, राष्ट्रवादी (शरद पवार) 10. 288 च्या सभागृहात 46. आकडा लहान आहे, मान्य. पण मग प्रहार पक्षाच्या बच्चू कडूंकडे किती आमदार होते? ते स्वतः अचलपूरला पडलेले. ऑक्टोबरच्या अखेरीस शेतकरी आणि ट्रॅक्टर घेऊन ते नागपूरच्या वेशीवर बसले आणि हैदराबादकडे जाणारा महामार्ग अडवला. राजू शेट्टी, अजित नवले, वामनराव चटप हे शेतकरी नेते सोबत आले. तिसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांना मुंबईत बैठक घ्यावी लागली आणि कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत करू, असा शब्द द्यावा लागला. ही तारीख फार लांबची आहे, अशी टीका झाली आणि ती रास्त आहे. तरीही महायुतीच्या जाहीरनाम्यातल्या कर्जमाफीला वर्षभर तारीखच नव्हती. ती मिळवली सभागृहात एकही आमदार नसलेल्या माणसाने. 46 जणांनी या गोष्टीचा नीट विचार केला पाहिजे.

दबाव म्हणजे आवाज नव्हे. सरकारला एखादी गोष्ट एखाद्या विशिष्ट दिवशी हवी असते, आणि त्या दिवशी तुम्ही वाटेत उभे असता, तेव्हा दबाव तयार होतो. कधी ते विधेयक असतं, कधी शांततेत पार पडणारं अधिवेशन, कधी निवडणुकीआधीचे चांगले मथळे. विरोधकांनी आधी सरकारचं वेळापत्रक पाठ करायला हवं.

एकदा हे जमलं होतं. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला. ओरड झाली, तेव्हा 17 जूनला सुधारित निर्णय आला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 विद्यार्थी हवेत, म्हणजे सक्ती मागच्या दाराने तशीच. त्यावर एकच मागणी ठेवली गेली, निर्णय रद्द करा, आणि एकच तारीख ठरली, 5 जुलैचा मोर्चा. उद्धव आणि राज, दोन ठाकरे एकत्र येणार म्हटल्यावर त्या तारखेला वजन आलं. पावसाळी अधिवेशन 30 जूनला सुरू होणार होतं. 29 जूनच्या संध्याकाळी सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. मोर्चा निघालाच नाही, वरळीला विजयी मेळावा झाला. त्या आठवड्यात कुणी सतरा मागण्यांचं निवेदन दिलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

आणि लगेच पुढच्याच पंधरवड्यात काय झालं ते बघा, कारण माझा खरा राग तिथे आहे. जनसुरक्षा विधेयक. एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचा आणि तिच्याशी संबंध ठेवणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा. लोकांकडून 12 हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या. माणसांनी वेळ काढून, कागद लिहून, सह्या करून पाठवल्या. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे, पण समितीत विरोधकांचेही बिनीचे नेते होते. अशा समितीत अल्पमतातल्या सदस्याच्या हातात एक हत्यार असतं: भिन्न मतपत्रिका. अहवालाला जोडून आपला विरोध लेखी नोंदवायचा. मतदानात हरलात तरी तो कागद कायमचा राहतो. उद्या कायदा कोर्टात गेला की वकील तो कागद काढतो. वर्तमानपत्रं छापतात. सरकारला सभागृहात त्याला उत्तर द्यावं लागतं.

एकाही विरोधी सदस्याने तो कागद दिला नाही.

10 जुलैला विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. विरोधात ठामपणे उभा राहिला एक आमदार, डहाणूचे विनोद निकोले, माकपचे एकुलते एक. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. मग राज्यपालांना भेटून सही करू नका म्हणून विनंती केली. मुख्यमंत्री आरामात सांगू शकले की समितीत कुणाचाच विरोध नव्हता, आणि त्यांना खोटं पाडण्याची सोय विरोधकांनी स्वतःच ठेवली नव्हती. हा पराभव संख्याबळाचा नव्हता. भिन्न मतपत्रिकेला 145 आमदार लागत नाहीत. एक माणूस, एक पेन आणि विधेयक शेवटच्या कलमापर्यंत वाचण्याची तयारी पुरते. ज्यांनी ते 12 हजार कागद पाठवले, त्यांच्या विश्वासाचं काय झालं, हे आघाडीतल्या कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

आता बोलण्याविषयी, म्हणजे पक्षाचे लोक ज्याला नॅरेटिव्ह म्हणतात त्याविषयी. जुलैमध्ये बनियन-टॉवेलवरच्या एका सत्ताधारी आमदाराने आमदार निवासाच्या उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्याला मारहाण केली, त्यानंतर विरोधक बनियन-टॉवेल घालून विधानभवनात आले. फोटो सगळीकडे झळकला. मंत्रिमंडळाच्या खुर्चीला धक्का मात्र त्याने लागला नाही. तो लागला रोहित पवारांनी टाकलेल्या काही सेकंदांच्या एका चित्रफितीने. त्यात सभागृहात बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसत होता. माणिकराव कोकाटेंनी खेळत असल्याचा इन्कार केला, पण शेतकऱ्याच्या घरात ती फीत पोहोचली होती आणि 31 जुलैला कृषी खातं त्यांच्याकडून गेलं. त्यासाठी वेषांतर लागलं नाही, भाषण लागलं नाही. पुरावा लागला, आणि तो ज्याच्या पोटावर पाय पडतो त्याला थेट दाखवावा लागला.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाचं प्रकरण याच्या उलट गेलं. जितेंद्र आव्हाड, संदीप क्षीरसागर बोलले, मोर्चांतही गेले. पण महिनोन् महिने रोज नवा तपशील घेऊन उभे राहिले ते भाजपचेच आमदार, आष्टीचे सुरेश धस. ज्यांचा निकटवर्तीय या खुनातला आरोपी होता, त्या मंत्री धनंजय मुंडेंचा 4 मार्चला राजीनामा झाला तेव्हा सत्ताधाऱ्यांचा आमदारच विरोधी पक्षाचं काम करून गेला होता. मराठवाड्यातल्या लोकांनी ते पाहिलं आहे.

महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडकी बहीण योजनेबाबत तर आघाडीने आपलं बोलणं आपल्याच हाताने फुकट घालवलं. आधी म्हणाले तिजोरी रिकामी होईल. मग म्हणाले आम्ही 3,000 देऊ. महायुतीने 1,500 प्रत्यक्ष खात्यात टाकून 2,100 चा वायदा केला. बाई कुणावर विश्वास ठेवेल? जे चूक आहे म्हणता, त्याचीच दुप्पट बोली लावता, तेव्हा आधीची टीका आणि नंतरचं वचन दोन्ही पडतात. लोकसभेला 48 पैकी 30 जागा देणाऱ्या मतदाराने सहा महिन्यांत पाठ फिरवली, त्याची कारणं अनेक असतील, हे एक त्यात नक्की आहे.

महाराष्ट्राला विरोधाची कला शिकवायला बाहेरचं कुणी नको. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मांडवात होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. पण गावोगावच्या भिंतींवर वाक्य एकच होतं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. समितीने पसरणी घाटात आणि पोलादपूरला काळी निशाणं घेऊन हजारोंची गर्दी उभी केली आणि एस. एम. जोशींसारख्या माणसांनी ती शिस्तीत ठेवली. पंतप्रधानांना वाटेवरच महाराष्ट्राचं मन दिसलं. जागा निवडलेली, दिवस निवडलेला, मागणी एक, आणि हिंसेचं निमित्त सरकारच्या हाती लागू दिलं नाही. अडीच वर्षांनी राज्य झालं.

दुसरी बाजूही सांगतो. भाजपच्या गोपीनाथ मुंडेंनी 1995 आधी संघर्षयात्रा काढून शरद पवारांचं सरकार हलवलं, आणि विरोधी बाकांवरून महाराष्ट्र ढवळून काढण्यात त्यांचा हात धरणारा नंतर झाला नाही. पण एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, हे वचनही त्यांचंच. ऑगस्ट 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने करार रद्द केला आणि 1996 मध्ये त्याच कंपनीशी नवा केला. दाभोळचं ओझं राज्याने पुढे कित्येक वर्षं वाहिलं. विरोधात असताना जे मागाल ते सत्तेत आल्यावर करता येईल का, हे आधीच तपासा.

विरोधी पक्षनेतेपदाचा मुद्दा खराच आहे. 1962 मध्ये 264 च्या सभागृहात शेकापचे 15 आमदार होते आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. दिल्लीत 2015 मध्ये 70 पैकी फक्त 3 आमदारांच्या भाजपला ते पद मिळालं. या पदासाठी दहा टक्के आमदार हवेत, असा बाऊ करणाऱ्यांना ही दोन उदाहरणं पुरेत. ती सभागृहात ठणकावून मांडा, कोर्टात जायचं तर जा. पण अधिवेशनभर खुर्चीविषयी बोलू नका. अतिवृष्टीत जमीन खरवडून गेलेल्या धाराशिवच्या शेतकऱ्याला तुमच्या दालनाची पाटी नको आहे.

त्याला तारांकित प्रश्न हवा आहे, आणि नीट विचारलेला हवा आहे. सभागृहाची छापील प्रश्नोत्तरं कधी चाळून बघा. पहिला भाग: हे खरे आहे काय? उत्तर: हे अंशतः खरे आहे. मग चौकशी केली काय, कारवाई काय? आणि शेवटचा भाग जवळपास नेहमी सारखाच: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? त्यावर मंत्र्याचं उत्तर: प्रश्न उद्भवत नाही. असे शेकडो प्रश्न दर अधिवेशनात येतात आणि विरून जातात, कारण प्रश्नात गावाचं नाव नसतं, गट नंबर नसतो, किती खातेदारांचे किती रुपये अडकले त्याचा हिशेब नसतो. तलाठी सज्जाची यादी हातात घेऊन पुरवणी प्रश्न विचारणाऱ्या आमदाराला मंत्री असं वाटेला लावू शकत नाही. त्याला आश्वासन द्यावं लागतं, आणि दिलेल्या आश्वासनाचा पाठलाग करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहेच. तिथे वर्षभर चिकाटीने बसणारे लोक कुठे आहेत?

डिसेंबर 2025 मध्ये असंच एक काम समोर पडलं होतं. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची मुदत 31 डिसेंबरला संपत होती. त्यासाठी पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. नवरा वारलेला, वडील वारलेले, अशा बाईने ओटीपी कुणाच्या मोबाइलवर मागवायचा? ओरड झाल्यावर सरकारने मुदत वाढवली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय केली. पण सोडून दिलेल्या, कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या बाईकडे कुठला कागद असणार? 29 महापालिकांचं मतदान 15 जानेवारी 2026 ला होतं आणि सरकारला याच बायकांची मतं हवी होती. आघाडीने पंधरा दिवस बाकी सगळं बाजूला ठेवायला हवं होतं. प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक अंगणवाडीसमोर टेबल टाकून अडकलेल्या बायकांची यादी करायला, पोचपावती घ्यायला आणि तो गठ्ठा महिला व बालविकास मंत्र्यांच्या टेबलावर 31 च्या आत ठेवायला हवा होता. सोबत मागणी एकच: या यादीतल्या एकीचाही हप्ता थांबणार नाही, असं लेखी द्या, खाली तारीख घाला.