आधी माइक घ्या

"कोणता फोन घेऊ?" शॉर्ट फिल्म करायला निघालेला नागपूरचा पोरगा पहिला प्रश्न हाच विचारतो. गोष्ट काय आहे, असं विचारलं की गप्प.

शॉन बेकरचा 'टँजरीन' २०१५ साली सनडान्स महोत्सवात गाजला. तो शूट झाला आयफोन ५एसवर. त्याहून सरस कॅमेरा आज सीताबर्डीवर हप्त्याने मिळतो. मग अडलंय कुठे?

कानात.

फोनचा माइक चारही बाजूंचं ऐकतो. बर्डीच्या मेन रोडवर पाच फुटांवरचा नट बोलतो आणि ऐकू येतो ऑटोचा हॉर्न. हललेलं चित्र प्रेक्षक सोसतो, न कळलेला संवाद नाही. कॉलरला लावायचा साधा माइक फोनच्या तुलनेत चिल्लर पैशात येतो. तोच कुणी घेत नाही!

'फोनवर चित्रित' या पाटीलाही भुलू नका. डॅनी बॉयलने '२८ इयर्स लेटर'चा बराच भाग आयफोनवर शूट केला, हे खरं. त्या फोनपुढच्या लेन्स आणि मागची माणसांची फौज पाटीवर मावत नाही.

आणि आपलं ऊन? आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं खुद्द अ‍ॅपल सांगते. मे महिन्यात नागपूर ४५ पर्यंत जातं. भर दुपारी फुटाळा तलावावर शूटिंग लावलं की आधी स्क्रीन मंद होते, मग कॅमेरा बंद पडतो. पहाटे पाचला उठा. उजेडही तेव्हाचाच देखणा.

घरात शूट करताना जुनी ट्यूबलाइट पडद्यावर फडफडते? आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० वर बांधा. फुकटातलं काम आहे, पण 'ऑटो' सोडवत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम टिपली आणि ती फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. त्यांच्याकडे होता हाताने फिरवायचा कॅमेरा. आपल्याकडे काय कमी आहे?

'झुंड'मध्ये (२०२२) नागराज मंजुळेंनी नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं अमिताभ बच्चनसमोर उभी केली. त्यांच्या बोलीसकट. आपल्या शॉर्ट फिल्मचा नायक मात्र तर्री-पोहे खाताखाता पुणेरी मराठी बोलतो.

कायले?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, तेव्हा हजारो फोन वर होतात. सगळ्यांकडे तीच गर्दी, तोच गुलाल. तिचा सांगाडा बांधणारे हात कितीजणांनी टिपलेत?

यंदा मिरवणुकीच्या पंधरा दिवस आधी, मारबत बांधतात त्या गल्लीत जा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, माइक कारागिराच्या कॉलरला लावा आणि त्याला बोलू द्या.