हत्यारं घरचीच आहेत

वॉल्सॉल,
रविवार दुपार

ती. आई आणि बाबा यांना सा. न.

फोनवर हे बोलता येत नाही. फोन लागला की तुमचे चिरंजीव मागे येऊन उभे राहतात आणि "थांब, मी सांगतो" सुरू होतं. आत्ता ते अंगणात ब्लो-टॉर्च पेटवून बसले आहेत, तेवढ्यात लिहून घेते.

विनयने चामड्याचं काम शिकायला घेतलंय. थोडा दोष गावाचाही आहे. वॉल्सॉल म्हणजे खोगिरांचं गाव. इथल्या फुटबॉल संघालासुद्धा लोक 'सॅडलर्स' म्हणतात, आणि चामड्याच्या एका जुन्या कारखान्यात 1988 साली संग्रहालय उघडलं. सईला दाखवावं म्हणून गेलो. सई खाऊ मागायला लागली तरी तिचे बाबा जुन्या कारागिरांच्या बाकासमोरून हलेनात. घरी आले ते पाकीट शिवायचं ठरवूनच. आहे ते पाकीट चांगलं धडधाकट आहे हो. आत घालायला काहीतरी हवं, एवढीच त्याची अडचण.

मग हत्यारांच्या किमती पाहिल्या. टाक्यांच्या खुणा पाडायची चांगली दातेरी छिणी ऐंशी-शंभर पौंडांना. आई, याचे रुपये करू नका. मी केले होते, त्या रात्री झोप नाही लागली. विनय मात्र खूश झाला. म्हणाला, हत्यारं घरीच करायची, मी कोल्हापूरचा आहे. बाबा, तुम्हीच सांगा, चप्पल लाईनीत हा कधी चपला घेण्यापलीकडे कशाला गेलाय का? आणि घासाघीस तीही तुम्हीच करायची.

पहिला बळी काट्यांचा. जेवणाच्या काट्याचे दात शेगड्यात आवळून जवळ आणायचे, टोकं कानसून एका रेषेत करायची, की झाली छिणी. चामड्यावर ठेवून मोगरीने ठोकली की चार खुणा उमटतात. आपल्याला काट्यांचं अडत नाही म्हणा, पण परवा त्याच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली, तर ती बिचारी चमच्याने पुलाव खात होती आणि हा त्यांना काट्याचे इतर उपयोग समजावत होता.

शिवताना चामडं धरायला चिमटा लागतो. गुडघ्यात दाबून धरायचा लाकडी, लांब. पाहुण्यांच्या पलंगाच्या फळ्या मुळातच किंचित बाकदार आणि लवचिक असतात, हे त्याच्या लक्षात आलं. दोन फळ्या, एक बोल्ट, एक फुलपाखरी नट, काम झालं. तुम्ही आलात की झोपणार त्या पलंगावर आता मधोमध खळगा आहे. बाबांनी भिंतीकडून झोपावं.

लाटण्याबद्दल मात्र मी भांडले. कड घोटून गुळगुळीत करायला कठीण लाकूड लागतं म्हणे, आणि आई, तुम्ही दिलेलं शिसवी लाटणं घरात होतं. त्याला गोल कानशीने खाचा पाडल्या. वर लाडवांसाठी पाठवलेला डिंक पाण्यात विरघळवून कडांना लावला आणि त्या लाटण्याने खसाखसा घासलं. कड आरशासारखी झाली, खोटं कशाला बोलू. सध्या पोळ्या मी बाटलीने लाटते.

आता चामडं टोचायच्या आरीची गोष्ट. रविवारी इथे मोकळ्या मैदानात लोक गाडीच्या डिकीतून घरातल्या जुन्या वस्तू विकतात. तिथून पन्नास पेनीला शेफील्डची जुनी कानस आणली. पोलाद उत्तम, पण इतकं कडक की घासता येईना. मग ती शेगडीत लाल करून रात्रभर राखेत पुरली, म्हणजे सावकाश निवून मऊ पडते. दुसऱ्या दिवशी घासून घासून तिला शंकरपाळ्याच्या आकाराचं टोक काढलं. गोल टोकाने भोक पडतं, पण या आकाराने बारीक तिरकी चीर पडते आणि टाके एका बाजूला कलून देखणे बसतात. एवढं झाल्यावर तिला पुन्हा कडक करायचं. पुन्हा लाल करायची, आणि किती लाल ते लोहचुंबकाला विचारायचं. सुमारे 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. चुंबक कुठलं? फ्रिजवरचं, रंकाळ्याचं चित्र असलेलं. रंकाळा वितळला. आरी शेंगदाण्याच्या तेलात गेली, चुर्र झालं, धूर कुंपणापलीकडे गेला, आणि शेजारच्या आजीबाई आज काय बेत म्हणून विचारायला आल्या.

एवढ्यावर थांबलं तर ती आरी काचेसारखी तडकते म्हणे. म्हणून ओव्हनमध्ये दोनशेवर अंशांत ठेवून तिचा ताठा थोडा उतरवायचा, फिकट सोनेरी रंग येईपर्यंत. त्याच दिवशी मी नानखटाई करायला घेतली होती. आधी कोणाचा घाणा, यावर सईने नाणं उडवलं. आरी जिंकली. नानखटाईला अजून तेलाचा वास येतो.

धार लावायला चामड्याची पट्टी लागते. बाबा, तुमचा इथे राहिलेला पट्टा सापडला. आता फळीवर ठोकलाय आणि त्यावर हिरवं पॉलिश चोपडलंय, तेव्हा सापडला म्हणण्यात अर्थ नाही.

'थ्री मेन इन अ बोट' लिहिणारा जेरोम के. जेरोम 1859 साली याच गावात जन्मला. त्यातले अंकल पॉजर एक तसबीर टांगायला अख्खं घर राबवतात. ते मी इतकी वर्षं विनोदी म्हणून वाचत होते.

हिशेबाचं म्हणाल तर ब्लो-टॉर्च, शेगडा, कानशींचा संच, पॉलिश पेपरचे सगळे नंबर, हे वहीत वेगळ्या पानावर आहे. ते पान विनय 'भांडवल' म्हणतो आणि बघत नाही. त्यात दोन छिण्या आल्या असत्या, फ्रेंच.

पण शिवतो छान, हे लिहिलंच पाहिजे. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही आरपार. मशीनच्या शिवणीसारखा हा टाका एक तुटला म्हणून सगळा उसवत नाही. दोरा शिवणीच्या चौपट लागतो, त्यामुळे ओढताना दोन्ही हात पंखांसारखे पसरतात. सोफ्यावर त्याच्या शेजारी आता कोणी बसत नाही.

आजवर चामड्याच्या दोन वस्तू तयार झाल्या. आरीचं म्यान आणि चामडं कापायच्या रापीचं म्यान. पाकिटाचं विचारलं की म्हणतो, कड तासायचं हत्यार व्हायचंय अजून, त्याशिवाय कसं करणार? माझ्या मते पाकीट होणारच नाही. त्याला आता पाकीट नकोच आहे, हत्यारंच हवी आहेत.

आता कामाचं. बाबांसाठी चपला करणार असं त्याने जाहीर केलंय. वॉल्सॉलहून कोल्हापूरला चपला, उलटी गंगा म्हणतात ती हीच. तेव्हा वर्तमानपत्रावर उजवा पाय ठेवून पेन्सिलीने माप काढा आणि फोटो पाठवा. डावा मागू नकोस म्हणाला, आरशातून काढतो. आणि बाबा, दिवाळीसाठी नवा जोड घेणार होतात, तो घेऊनच टाका.

तुमची,
मेधा

ता. क. येणाऱ्या कोणाबरोबर तरी लाटणं पाठवा. साधं, आंब्याचं चालेल. शिसवी नकोच.