पेटीतला आणि पाटीतला

आंब्याची चव जिभेला कळते, असं आपण उगाच म्हणतो. पेंढ्यात निजवलेली फळं आणि पेटीवर शाईने उठवलेलं ‘देवगड’ दिसलं की गिऱ्हाईक न चाखताच मान डोलावतं. तोच आंबा पाटीत तोतापुरीशेजारी पडला, की ‘गोड निघेल ना? नाही निघाला तर परत घ्याल?’ अशी उलटतपासणी सुरू.

२०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. (नाव मुळात अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीजाचं, पण त्याचा अर्ज कोणी मागवला नाही.) कर्नाटकचा हापूस कागदोपत्री परका ठरला. बाजारात मात्र तो कोकणच्या पेटीत शिरतो आणि एका रात्रीत त्याचं गाव बदलतं. म्हणून मुरलेलं गिऱ्हाईक फळाआधी खालची रद्दी वाचतं. कानडी अक्षर दिसलं तर भाव पाडायचा, मराठी अग्रलेख निघाला तर मुकाट पैसे मोजायचे. अग्रलेखाला एवढा मान एरवी कुठे मिळतो?

पोरंही हेच पाहत शिकतात. पेटीतला आंबा निघाला की आई म्हणते, ‘एकेकच घ्या रे, पाहुणे यायचेत.’ पाटीतला निघाला की ‘खा हवे तेवढे, नाहीतर रसाला जातील.’ पुढे पाहुणे येतात, फळं कमी पडतात, दोन्ही आंबे एकाच पातेल्यात पिळले जातात. आणि काका तिसरी वाटी पुढे करत म्हणतात, ‘काही म्हणा वहिनी, देवगडची चव लपत नाही!’