पोर्टबहाद्दर

वाशीतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत चौकशी केली, तर सेक्रेटरी, खजिनदार आणि पाण्याच्या टाकीवरून भांडणारे एक काका यांच्याखेरीज आणखी एक पद भरलेलं आढळतं. त्याची निवडणूक होत नाही आणि इतिवृत्तात त्याची नोंदही नसते. हा पोर्टबहाद्दर. वय पंधरा ते पंचेचाळीस यांमधलं कुठलंही. शिक्षण सेक्टर ९-ए मधल्या अग्नेलमध्ये चालू, किंवा ते आटोपून ऐरोलीच्या एखाद्या काचेच्या इमारतीत नोकरी. घरातले झोपले की हा ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा आकडा घालून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरतो. दोन वाजता तो बाहेर येतो तेव्हा त्याचं काम झालेलं नसतं, पण घरातलं वायफाय गेलेलं असतं. सकाळी वडिलांचा ऑनलाइन योगवर्ग बुडतो आणि 'याला गेमचं व्यसन लागलंय' हा ठराव चहाबरोबर एकमतानं मंजूर होतो. तो ठराव चुकीचा आहे. हा माणूस मुळात गेमर नाहीच, यजमान आहे. आपल्या घरी कुणाला येता येत नाही, हे त्याचं खरं दुखणं आहे.

पहिला पुरावा खेळांचाच घेऊ. ज्या खेळांवरून घरोघरी आरडाओरडा होतो, त्यांपैकी बहुतेकांना पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत घेणारं क्रमांकाचं दार, उघडावंच लागत नाही. त्यांचे सर्व्हर कंपनीचे असतात. 'व्हॅलोरंट'चे तर मुंबईतच आहेत. खेळाडूनं जायचं, गोळ्या झाडायच्या, मरायचं आणि जेवायला यायचं. घरातून बाहेर जाणारी वाट राउटर आपणहून मोकळी करून देतो. नुसतं खेळायचं असेल, त्याला राउटरचा पत्ता जन्मात ठाऊक असण्याचं कारण नाही. पोर्ट लागतं ते दुसऱ्यांना आपल्याकडे बोलवायचं असेल तेव्हा. माइनक्राफ्टचं जग आपल्या कॉम्प्युटरवर चालवून त्यात नेरुळचा, हिंजवडीचा आणि न्यू जर्सीचा असे तीन मित्र आणायचे, तर २५५६५ क्रमांकाचं पोर्ट. एक्सबॉक्सवर इतरांना अडखळू न देता जोडून घ्यायचं, तर ३०७४. एकूण ६५,५३५ क्रमांकांतले हे दोन त्याला स्वतःच्या आधार क्रमांकापेक्षा चोख पाठ असतात.

दुसऱ्या पुराव्यासाठी राउटर काय करतो ते पाहायला हवं. राउटर म्हणजे इमारतीचा वॉचमन. बाहेरच्यांना इमारतीचा पत्ता माहीत. आत कोण कुठे राहतं, ते वॉचमनला माहीत. तुम्ही पिझ्झा मागवला असेल तर पिझ्झावाल्याला तो वर सोडतो, कारण ऑर्डर आतून गेलेली त्यानं पाहिलेली असते. न बोलावता कुणी आलं तर तो हाकलतही नाही, उत्तरच देत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याच्या वहीत लिहून ठेवलेली सूचना: २५५६५ विचारत कुणी आलं तर माझ्या कॉम्प्युटरकडे पाठव. सूचना एका ओळीची, पण ती लागू पडेपर्यंत माणसाचा घाम निघतो. कॉम्प्युटरला मिळालेला आतला पत्ता उद्या बदलू शकतो आणि मग पाहुणे टीव्हीच्या दारात जाऊन उभे राहतात. म्हणून तो पत्ता आधी पक्का करून घ्यायचा. विंडोजचा फायरवॉल स्वतंत्रपणे समजवायचा. सर्व्हर चालू नसताना पोर्ट तपासलं तर ते बंदच दिसतं, कारण आत 'ओ' द्यायला कुणी नसतं. हे ध्यानात येण्यापूर्वी कित्येकांनी राउटरला शिव्या घातलेल्या आहेत. शिवाय अनेक राउटर घरात बसून आपलाच बाहेरचा पत्ता वापरू देत नाहीत. त्यामुळे उघडलेलं पोर्टही आतून बंद वाटतं आणि खातरजमेसाठी नेरुळच्या मित्राला रात्री एकला उठवावं लागतं. वहीतल्या सूचनेच्या याच सोयीला राउटर बनवणारी एक कंपनी 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणते आणि दुसरी 'व्हर्च्युअल सर्व्हर', तेही कुठल्या मेनूच्या पोटात लपवावं याबाबत त्यांची स्पर्धा असावी. खेळाची हौस असलेला माणूस एवढ्यात मोबाइल काढून लुडो खेळायला लागेल. हा लागत नाही.

आणि पोर्ट उघडलंच, तर तो काय करतो? खेळतो, असं वाटेल. पण तो सर्व्हरची काळी खिडकी उघडून बसतो आणि अमका आला, तमका गेला, अशा ओळी वाचतो. नव्यानं येणाऱ्याची आबाळ नको म्हणून माइनक्राफ्टच्या त्या जगात, पाहुणा प्रथम उतरतो त्या जागी, यानं पेटी ठेवलेली असते. पेटीत पाव, कुऱ्हाड, झोपायला बिछाना. कुणाच्या घराला कुणी आग लावू नये म्हणून नियम केलेले असतात. कॉम्प्युटर रात्रभर चालू, महावितरणचं बिल वडिलांच्या नावावर. एवढं करून स्वतःचं घर बांधायला त्याला सवड मिळत नाही. लग्नघरातला कर्ता पुरुष पंगतीत बसलेला कधी कुणी पाहिलाय का?

पण बहुतेक रात्री पाहुणे येतच नाहीत, आणि त्याचं कारण राउटरमध्ये नसतं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते १९८१ साली ठरले तेव्हा ते सुमारे ४२९ कोटी होते, आणि एवढे संपतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी शेकडो घरं एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टाच राखून ठेवला गेला. म्हणजे आपल्या वॉचमनच्या पुढे, पार वाशीच्या टोलनाक्यापाशी, कंपनीचा दुसरा वॉचमन बसला, आणि त्याच्या वहीत आपल्याला लिहिता येत नाही. खऱ्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल माफ झाला; याच्या पाहुण्यांना मात्र माघारीच फिरावं लागतं. वाशीकराच्या बाबतीत हे जास्तच बोचतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, आणि इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं त्याच्या आदल्या वर्षी. दोन्ही समवयस्क, दोन्ही आखूनरेखून केलेली. सिडकोनं सेक्टर, प्लॉट, इमारत, खोली असा क्रमांक प्रत्येकाला दिला. स्टेशनवर उतरलेला परका माणूस नुसत्या आकड्यांवर सेक्टर १० मधलं घर शोधून काढतो. तेच घर इंटरनेटवर मात्र बेपत्ता. एमटीएनएलच्या ट्रायबँड या जुन्या ब्रॉडबँडवर वाढलेले चाळिशीतले पोर्टबहाद्दर याच मुद्द्यावर हळवे होतात. तेव्हा वेग गोगलगायीचा होता आणि पत्ता मोडेम बंद करून चालू केला की बदलायचा, पण जो मिळायचा तो आपला असायचा, असं त्यांचं पालुपद असतं.

तक्रार केल्यावर कंपनीचा मुलगा येतो. त्याचा आणि याचा संवाद सेक्टर कुठलाही असो, सारखाच होतो. "दादा, स्पीड बघा, शंभर येतोय." "स्पीड नाही हो, बाहेरून आत येता येत नाहीये." "बाहेरून कोण येणारे?" इथे सोफ्यावरचे वडीलही मान डोलावतात. त्या मुलाचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. इंटरनेट म्हणजे घरात येणारा माल, ही आपली सगळ्यांचीच समजूत आहे. सिनेमा येतो, भाजी येते, ऑफिस येतं. आपल्या घरातूनही कुणाला काही देता यावं, ही मागणी घरात एकटा हाच करतो.

यावर घरातून येणारा आक्षेप बिनतोड वाटतो: एवढा आतिथ्यशील आहे, तर मावशी आली की खोलीचं दार का लावून घेतो? त्याचं उत्तर असं की मावशी आईची पाहुणी असते. तिची वेळ, तिचा फराळ, 'पुढे काय करायचं ठरवलंस' हा तिचा प्रश्न, यांतलं काहीही यानं ठरवलेलं नसतं. स्वतःचे पाहुणे स्वतःच्या नियमांनी बोलवायची जागा साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात त्याला कुठे मिळणार? भिंतीपलीकडे काही सापडली नाही, म्हणून त्यानं ती पोर्टपलीकडे शोधली.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसनं फॅक्टरीतलाच पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यामागची अमेरिकेतली तरुण मुलं माइनक्राफ्टच्या सर्व्हरधंद्याशी संबंधित होती, हे पुढे तपासात उघड झालं. म्हणजे पोर्टबहाद्दराचे वाया गेलेले चुलतभाऊच. तेव्हा वैतागून 'डीएमझेड' चालू करणं, म्हणजे आलेल्या प्रत्येकाला विचारपूस न करता वर सोडणं, याला माझा पाठिंबा नाही. एकच पोर्ट, ओळखीच्यांचीच यादी, अद्ययावत सर्व्हर आणि बदललेला पासवर्ड, एवढं पथ्य पाळणाऱ्याला मात्र घरच्यांनी दरोडेखोर ठरवू नये.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: सर्व्हर भाड्यानं घ्या, किंवा टेलस्केलसारखं, मित्रांचे कॉम्प्युटर खासगी जाळ्यात जोडणारं काही वापरून नाका चुकवा. सल्ला बरोबर आहे आणि थकलेला पोर्टबहाद्दर शेवटी तो ऐकतोही. नव्या पद्धतीचे, आयपीव्ही६ चे पत्ते तर भारतात मुबलक वापरात आहेत. पाहुण्याकडेही ते असतील आणि राउटरच्या फायरवॉलनं परवानगी दिली, तर तो मार्ग फुकट आहे. तरी बहुतेक जण आधी घरच्या राउटरशी महिनाभर झुंजतात. भाड्याच्या सर्व्हरवर खेळ उत्तम चालतो, हे त्यांनाही कबूल असतं. पण जागा आपली नसते. यजमानपणाला याहून वेगळा पुरावा मला तरी लागत नाही.

तेव्हा अशा मुलाच्या आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून दिसणारा आकडा आणि गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' विचारल्यावर मिळणारा जुन्या पद्धतीचा आकडा (आयपीव्ही६ चा नव्हे) शेजारीशेजारी ठेवा. घरात कंपनीचा एक आणि आपला एक असे दोन डबे असतील, तर कंपनीच्या डब्यावरचा आकडा घ्या. दोन्ही जुळले, तर दोष बहुधा घरातल्या सेटिंगचा आहे आणि पोरगं आज ना उद्या तो शोधून काढेल. जुळले नाहीत, तर नवा राउटर आणून काही उपयोग नाही. कंपनीला फोन करून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला स्वतःचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागा. त्याचे वेगळे पैसे पडतात.