बाणाची उमेद

पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये आलेखावर बाण काढायला ‘अ‍ॅरो’ नावाची आज्ञा आहे. तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. तिला सांगा, (२, ३) पासून उजवीकडे १ जा. दांडा मुकाट तेवढाच जातो, टोक मात्र त्याच्याही पुढे. टोकाने ठरल्या जागी थांबावे असे वाटत असेल तर लेखी अर्ज करायचा: ‘लेंग्थ इन्क्लूड्स हेड’ बरोबर ‘ट्रू’. अक्षांची मापे विषम असली तर टोक दांड्याशी काटकोनात राहीलच असेही नाही. हे सारे अधिकृत माहितीतच प्रांजळपणे नमूद आहे; त्यापेक्षा ‘अ‍ॅनोटेट’ वापरा, अशी शिफारसही. ती आज्ञा मुळात टिपण लिहिण्यासाठी. म्हणून जाणकार रिकामे टिपण लिहितात आणि त्याला बाण जोडतात. म्हणायचे काहीच नाही, पण बोट ठामपणे रोखलेले!

आमची नम्र सूचना एवढीच, की आता बिंदूंचीही सक्ती नसावी. तिमाही बैठकीत त्यांच्याकडे बघतो कोण? परवाच्या आलेखात विक्री खाली होती, बाण वर. टाळ्या कडाडल्या. बाण काढणाऱ्याला बढती मिळाली. विक्री मोजणाऱ्याची बदली झाली, आणि तीही बाणाच्याच दिशेने, उत्तरेला.