मलिक-ए-मैदान तोफेस अध्यक्षपदाचे निमंत्रण

प्रति,
श्रीमती मलिक-ए-मैदान ऊर्फ मुलूखमैदान तोफ,
शेरझा बुरूज, विजापूर.

विषय : परंडा शहरातील सर्व नागरी समित्यांच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्षपद स्वीकारणेबाबत.
संदर्भ : आपले सन १६३२ मधील स्थलांतर.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या गावात समित्या फार झाल्या आहेत. नेमक्या किती झाल्या हे मोजायला एक समिती नेमावी, अशी सूचना आली होती. ती बहुमतानं फेटाळली गेली, कारण सूचना मांडणाऱ्याचं नाव आधीच चार लेटरहेडवर होतं आणि पाचव्यावर ते छापायला बाकीचे तयार नव्हते. शेवटी सगळ्यांवर मिळून एक मध्यवर्ती समिती असावी असं ठरलं आणि गाडी अध्यक्षपदापाशी येऊन रुतली. गावातला अध्यक्ष म्हटला की तो कुणाचा तरी निघतो. या पेठेचा, त्या पेठेचा, या साहेबांचा, त्या साहेबांचा. बाहेरचा म्हटला की शेजारच्या बार्शीचा निघतो, आणि ते तर कुणालाच सोसत नाही. अशा वेळी चहाच्या टपरीवर कुणीतरी आपलं नाव घेतलं. घेणारा थट्टेत बोलला होता, पण तोवर दोघांनी अनुमोदन देऊन टाकलं होतं.

विचार केला तर आपल्याएवढी पात्रता पंचक्रोशीत कुणाची नाही. आपला जन्म १५४९ चा, अहमदनगरचा, मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराच्या हातचा. नोकरी परंड्याच्या किल्ल्यात. वजन ५५ टन, म्हणजे एकदा खुर्चीत बसल्यावर कुणाच्या बापाला उठवता येणार नाही. (याआधीच्या काहींनाही उठवता आलं नव्हतं, पण त्यांचं वजन एवढं नव्हतं.) आपण एकेकाळी निजामशाहीच्या होतात, मग आदिलशाहीच्या झालात, मग १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाच्या. आमच्याकडे एवढी पक्षांतरं अनुभवात धरतात. त्यात आपण इंग्रजांच्या राज्यात, १८५४ साली, भंगाराच्या लिलावातही निघाला होतात. सगळ्यात मोठी बोली १५० रुपयांची आली, ती साहेबाला फारच कमी वाटली आणि लिलाव रद्द झाला. भंगारात निघून परत आलेला नेता आमच्याकडे सर्वांत मुरलेला समजतात.

शिवाय आपला स्वभाव. रणरणत्या उन्हातही आपण गार राहता, असं विजापूरचे लोक सांगतात. आमच्या बैठका मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली असतात. बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. प्रत्येक सभेच्या पत्रिकेत निदान एका वक्त्याच्या नावामागे ‘मुलूखमैदान तोफ’ असं छापलेलं असतं. न बोलणारी तोफ मात्र आम्हाला आजवर मिळालेली नाही.

औरंगजेबाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तोफ ओतली निजामशाहीनं, विजापूरला नेली आदिलशाहीनं, आणि विजापूर जिंकल्यावर बादशहानं आपला लेख तिच्यावर कोरवून घेतला. काम एकाचं, वाहतूक दुसऱ्याची आणि कोनशिला तिसऱ्याची, ही रीत आपल्या अंगावरच कोरलेली असल्यानं आमच्या गावचा कारभार आपल्याला नव्यानं समजावून सांगावा लागणार नाही.

तरीही आपण गेल्यानंतर इथं काय काय झालं, ते थोडक्यात कळवणं माझं कर्तव्य आहे. आपल्यामागे मोगल आले, मग हैदराबादचा निजाम आला. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्य संस्थांचा प्रसिद्ध ठराव केला. शेजारची बार्शी इंग्रजी मुलखात, त्यामुळे ठराव बार्शीपर्यंत आला. आम्ही निजामाच्या हद्दीत, म्हणून तो आमच्यासाठी नव्हता. बार्शीला आधी आणि आम्हाला नंतर, ही तक्रार इतकी जुनी आहे हे मला अलीकडेच उमगलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६५ मध्ये नगरपरिषदांचा कायदा झाला. त्यात स्थायी समिती आली, बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण अशा विषय समित्या आल्या. इथवर सगळं रीतसर होतं.

घोळ झाला तो १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांत. ७३ वी खेड्यांसाठी, ७४ वी शहरांसाठी. खेड्याला ग्रामसभा मिळाली. महाराष्ट्रात ती वर्षातून निदान चार वेळा घ्यावी लागते आणि तिथं मतदारयादीत नाव असलेला कुणीही म्हातारा उठून सरपंचाला विचारू शकतो की, बाबा, त्या हातपंपाचे पैसे गेले कुठं? उत्तर मिळेलच असं नाही, पण प्रश्न कार्यवृत्तात नोंदवून घ्या असा हट्ट त्याला धरता येतो. मोठ्या शहराला प्रभाग समित्या मिळाल्या. त्यासाठी घटनेनं लोकसंख्येची अट घातली तीन लाखांची. परंड्याची वस्ती वीसेक हजार. म्हणजे ग्रामसभा भरवायला आम्ही फार मोठे आणि प्रभाग समितीला फार लहान. तालुक्यातल्या एखाद्या वाडीच्या माणसाला जो हक्क आहे, तो तालुक्याच्या गावाला नाही. आपण शहरात राहतो या अभिमानाची ही किंमत असेल तर ती जरा जास्त आहे.

केरळवाल्यांनी यातून वाट काढली. त्यांच्या १९९४ च्या कायद्यात एक लाखाच्या आतल्या गावांना प्रभागसभा आहे, प्रभागातले सगळे मतदार तिचे सदस्य. तीच राज्यघटना, तीच दुरुस्ती. पण हे मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा ‘तिकडं लोक शिकलेले आहेत’ एवढंच उत्तर मिळालं आणि पुढचा विषय घेतला गेला. पुढचा विषय मिरवणुकीच्या मार्गाचा होता.

त्यात भर म्हणून २०१६ मध्ये निवडलेली मंडळं राज्यभर मुदत संपून घरी गेली आणि नव्या निवडणुका आरक्षणाच्या वादात कोर्टात अडकल्या. अध्यक्ष गेले, नगरसेवक गेले, विषय समित्या गेल्या, आणि त्या सगळ्यांचे अधिकार प्रशासक म्हणून एका अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खडसावलं तेव्हा कुठं २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान झालं. मधली जवळजवळ चार वर्षं गल्लीतल्या माणसाला नळाला पाणी नाही हे सांगायला घर उरलं नव्हतं. नगरसेवक कसाही असला तरी त्याच्या दाराशी जाऊन हाक मारता येते. त्याच्या बायकोला सांगून ठेवता येतं. प्रशासकाच्या बायकोला कुठं शोधणार?

तर त्या काळात आम्ही समित्या काढल्या. पाण्याची काढली, रस्त्याची काढली, किल्ल्याची काढली. (किल्ला भक्कम आहे, बुरूज आहेत, खंदक आहे, उरलेल्या तोफाही आहेत. आपली आठवण निघते.) जयंत्यांच्या आणि उत्सवांच्या होत्याच. प्रत्येक समितीत एक अध्यक्ष, एक कार्याध्यक्ष, कार्याध्यक्ष नाराज होऊ नये म्हणून एक स्वागताध्यक्ष, दोघांवर लक्ष ठेवायला निमंत्रक, आणि निधी शून्य असला तरी एक कोषाध्यक्ष. लेटरहेडच्या डाव्या अंगाला नावांची अशी रांग लागते की मजकुराला उजवीकडं चार बोटं जागा उरते. म्हणून आमची निवेदनं उंच आणि किरकोळ दिसतात.

निवेदन देण्याचा विधी आपण पाहण्यासारखा आहे. कागद एक, धरणारे हात नऊ. पलीकडून साहेबांचे दोन. कागद कुणाचाच न होता हवेत तरंगतो, सगळे कॅमेऱ्याकडं बघतात, कागदाकडं कुणी बघत नाही. मग मागचा एकजण म्हणतो, ‘आलो नव्हतो मी, परत काढा.’ साहेब हसून कागद परत करतात आणि पुन्हा स्वीकारतात. आवक-जावकला नोंद करून पोच घ्यायची तेवढी राहून जाते, कारण तोवर फोटो सगळ्या ग्रुपवर गेलेला असतो आणि ‘अभिनंदन’ यायला लागलेलं असतं.

आमच्या आळीत एक गटार आहे. त्यावर तीन समित्यांची निवेदनं संबंधित खात्याकडं गेली. पहिल्या पावसात पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा समोरच्या घरातली एक आजी पदर खोचून खराटा आणि घमेलं घेऊन उतरली, मोरीच्या तोंडातला गाळ, प्लास्टिक आणि कुणाची तरी गादी ओढून काढली, आणि पाणी वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिचा सत्कार केला. शाल, श्रीफळ. ती म्हणाली, ‘शाल कशाला आणली रं, हितं मोठा पाईप घाला की.’ तिचं म्हणणं निवेदनात घ्यावं असं ठरलं आहे. तिला समितीत घ्यावं असं मात्र कुणालाच सुचलं नाही, कारण महिला आघाडीच्या जागा भरलेल्या आहेत.

या झाल्या हौशी समित्या. कायद्याच्या समित्या वेगळ्या, आणि त्या दिसत नाहीत म्हणून त्यांची खास ओळख करून देतो. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेनं एक जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि हद्दीतल्या झाडाझुडपांची, पाखरांची, बी-बियाण्यांची नोंदवही लोकांकडून लिहून घ्यायची. कल्पना नामी आहे. सीनेकाठच्या जुन्या ज्वारीच्या जाती कुणाकडं उरल्या, हे सांगणारी माणसं एकेक करून चालली आहेत. पण कायदा पंधराएक वर्षं बहुतेक ठिकाणी पडून राहिला. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं की ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पुरं करा, नाहीतर प्रत्येक राज्याला महिन्याला १० लाख भरावे लागतील. त्याबरोबर देशभर समित्या उगवल्या. आज त्यांचा आकडा अडीच लाखांच्या वर आहे. दंडाच्या भीतीनं एका हंगामात एवढं पीक आजवर कोणत्याही बियाण्याला आलेलं नाही. आपण स्वतः अशा एखाद्या समितीचे सदस्य आहोत, हे ठाऊक नसलेले सदस्यही देशात बरेच सापडतील.

फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात निदान ४० टक्के जागा खुद्द विक्रेत्यांच्या. शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. कागद वाचला तर छाती भरून येते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सभा भरत नाही, रजिस्टर भरतं. ते घरी येतं, ‘इथं सही करा ताई’ म्हणतं, चहा घेतं आणि पुढच्या घरी जातं.

डोंगरावरच्या गावांचं बरं असतं, असं आमच्यातल्या काहींचं मत आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालं, तेव्हा त्यांच्यावर देखरेखीला दिल्लीहून समित्या नेमल्या गेल्या. तिथं एक झाड पडलं तर वरपर्यंत पत्र जातं. बालाघाटची रांग भूम-वाशीकडून निघून गेली, आमच्या वाट्याला सपाट जमीन आली आणि किल्लाही भुईकोट. सपाटीवरचा माणूस संवेदनशील धरत नाहीत. अर्थात माथेरानकरांना विचारलं तर तेही समितीबद्दल चार शब्द सांगतील, आणि ते छापता येणार नाहीत.

आता आपल्याकडून अपेक्षा. भाषण नको, उद्घाटन नको. नवे नगरसेवक आलेले आहेत, त्यांना आमच्या शुभेच्छा आहेत. पण ते आले म्हणून आमच्या समित्या बंद झालेल्या नाहीत. उलट काही नगरसेवक आता दोन्हीकडं आहेत, स्वतःच स्वतःला निवेदन देतात आणि दोन्ही बाजूंनी फोटोत येतात. आपण एवढंच करायचं. तीन महिन्यांतून एकदा बाजारतळावर गाव जमवायचं, जमाखर्च मोठ्यांदा वाचला जाईल तोवर तोंड वाचणाऱ्याकडं करून बसायचं. दारू ठासायची गरज नाही. आपल्या तोंडावर सिंहाचा जबडा आहे आणि त्यात हत्ती चिरडलेला आहे, तेवढं पुरे. मग आजीला विचारू द्या की पाईपचं काय झालं, आणि ते कार्यवृत्तात लिहा. याला कायद्याचा आधार नाही हे मला ठाऊक आहे. आधार नसलेल्या इतक्या गोष्टी आमच्याकडं नियमित चालतात, त्यात ही एक.

वाहतुकीची अडचण येईल. आपल्याला विजापूरला नेताना दहा हत्ती आणि चारशे बैल लागले, असं सांगतात. आता तालुक्यात चारशे बैल जमणं मुश्कील. ट्रेलर मिळेल, पण रस्त्याचं काम आमच्या दुसऱ्या एका समितीच्या पाठपुराव्याखाली आहे, म्हणून पावसाळ्यानंतर निघालेलं बरं.

उत्तर आलं नाही तर संमती गृहीत धरून नाव छापलं जाईल. बॅनर बार्शीला टाकला आहे. त्यासाठी एक फोटो तातडीनं पाठवावा. पूर्ण मावत नसेल तर फक्त तोंडाचा चालेल.

आपला,
प्रभारी सचिव
(कोणत्या समितीचा, ते पुढच्या बैठकीत ठरेल)